बत्ती आणि तिचे सुटे भाग

देवस्थानच्या चीजवस्तूंची जुनी यादी वाचावयाची पाळी आमच्यासारख्या वकिली करणाऱ्यांवर वारंवार येते. हिशेबाची तपासणी, पंचांमधील वाद, नव्या समितीकडे कारभार सोपविण्याचा प्रसंग, अशा एखाद्या निमित्ताने ती वही पुढे येते. तीत आरंभी देवाचे अलंकार, मग चांदीची उपकरणी, मग समया, लामणदिवे, घंटा, पालखी, छत्र, अब्दागिरी असा क्रम असतो. आणि अगदी शेवटी, जाजमे व मोठी पातेली यांच्या आगेमागे, एक ओळ असते: 'गॅसबत्ती, नग दोन, पैकी एक नादुरुस्त.'

या 'नादुरुस्त' शब्दाचा अर्थ अलीकडे 'निकामी' असा केला जातो, आणि मग पुढील ठरावात ती बत्ती पितळेच्या मोडीच्या भावाने वजनावर जाते. पितळेचे चार पैसे देवस्थानच्या निधीत जमा होतात, ठराव बिनविरोध मंजूर होतो, आणि कोणाची काही तक्रार राहत नाही. आमची मात्र तक्रार आहे. ज्या वस्तूचे सारे झिजणारे अवयव बाजारात मिळतात, ती वस्तू निकामी म्हणता येत नाही. गॅसबत्तीचे तर असे आहे की, तिचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी तिच्या सुट्या भागांचाच इतिहास होय. ते भाग कोठून आले, कोणी घडविले, आणि मूळ कारखाना दूर राहिल्यावरही ते कोणत्या हक्काने घडविले जात राहिले, हे पाहिल्यावाचून त्या ओळीचा अर्थ लागत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ काढून टाकू. कंदील निराळा आणि बत्ती निराळी. कंदिलात वात असते; ती तेल शोषून घेते आणि वातीच्या टोकाशी ज्योत जळते. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील, जो एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत होता, तो याच जातीचा. बत्तीला वात नाही. तिच्या टाकीत हवा भरून दाब निर्माण करितात. त्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेत मिसळून एका जाळीदार पिशवीच्या पोटात जळते. उजेड ज्योतीचा नसून त्या तापून पांढऱ्याशुभ्र झालेल्या जाळीचा असतो. म्हणजे 'गॅसबत्ती' या नावातील गॅस हा नळाने येणारा धुराचा वायू नव्हे, ती रॉकेलाचीच वाफ. आपल्या भाषेने रॉकेलाला दिलेले 'घासलेट' हे दुसरे नावही 'गॅसलाइट' या इंग्रजी शब्दाचेच रूप आहे. शहरातील वायूचे दिवे पाहिलेल्या लोकांनी तेलालाच दिव्याचे नाव देऊन टाकले, आणि ते खपले.

दाबाच्या तेलाचा दिवा आपल्याकडील जुन्या रंगभूमीला ठाऊक होता तो 'किटसन' या नावाने. आर्थर किटसन नावाच्या इंग्रज संशोधकाने तेलाची वाफ करून जाळी पेटविण्याची युक्ती काढली. पुढे तीच पद्धत सुधारून दीपगृहांतही वापरली गेली. नाटक मंडळ्यांच्या सामानात किटसनच्या बत्त्या असत, आणि तंबूच्या थिएटरात त्यांच्या उजेडात संगीत नाटके होत. देवळांच्या बाबतीत बत्तीची जागा आपोआप ठरून गेली. गाभाऱ्यात तेला-तुपाची समई. रॉकेलाला तेथे प्रवेश नाही. सभामंडपाच्या बाहेर, पालखीच्या पुढे, जत्रेच्या दुकानांत, कीर्तनाच्या मंडपात आणि दशावताराच्या मांडावर मात्र बत्तीचे राज्य. ज्या आकाराची बत्ती आपल्याकडे सर्वांत अधिक रुळली, तिच्या टाकीत सुमारे एक लिटर रॉकेल मावते आणि ते सुमारे आठ तास पुरते. रात्री मांड भरल्यावर पेटविलेली बत्ती पहाटे खेळ संपेतो एका भरणीत चाले. मधूनमधून पंप तेवढा मारावा लागे. यंत्राचे माप आणि उत्सवाचे माप असे जुळलेले क्वचितच पाहावयास मिळते.

आता तिच्या अवयवांकडे वळू. त्यांतील सर्वांत नाजूक, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आश्चर्यकारक अवयव म्हणजे जाळी, जिला बाजारात 'मेंटल' म्हणतात. ही व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाची देणगी. त्याने १८८५ मध्ये आपले पहिले पेटंट घेतले. सुताची पिशवी काही दुर्मिळ मृत्तिकांच्या क्षारांत भिजवावयाची, वाळवावयाची आणि जाळावयाची. सूत जळून जाते आणि त्याच विणीचा, त्याच घाटाचा, राखेचा म्हणावा असा सांगाडा मागे राहतो. तोच ज्योतीत तापून प्रकाशतो. पहिल्या जाळ्यांचा उजेड हिरवट होता आणि त्या टिकत नसत, म्हणून धंदा बसला. हा मनुष्य प्रयोग करीत राहिला, आणि १८९१ मध्ये त्याला खरे प्रमाण सापडले: नव्व्याण्णव भाग थोरियमचा ऑक्साइड आणि एक भाग सेरियमचा. निव्वळ थोरियमची जाळी फिकट उजेड देते. सेरियम वाढविले तरीही उजेड उतरतो. शंभरात एक, हे प्रमाण त्यानंतर दीर्घकाळ जगभर चालले. वेल्सबाखच्या या शोधाने वायुदिव्याला विजेच्या दिव्याशी आणखी काही दशके झुंजता आले.

हे थोरियम यावयाचे कोठून? आरंभी ब्राझीलच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून. मग १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने तीच वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मनवलकुरिचि येथे ओळखली. तेथून आलेल्या काथ्याला चिकटलेले वाळूचे कण पाहून त्याला हा माग लागला, अशी त्याची हकीकत सांगितली जाते. त्रावणकोरच्या मोनाझाइटमध्ये थोरियमचे प्रमाण ब्राझीलच्या वाळूपेक्षा अधिक निघाले, आणि थोड्याच वर्षांत त्या वाळूचा व्यवहार जर्मन मेंटल कारखानदारांच्या मुठीत गेला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने ती मूठ सोडविली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, केरळात अलवाय येथे मोनाझाइट शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला, आणि १९५५ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे थोरियमचा. त्या तुर्भ्याच्या कारखान्यातून मेंटल बनविणाऱ्यांना थोरियम नायट्रेट मिळू लागले. ज्या धातूकडे अणुशक्तीचे भावी इंधन म्हणून पाहिले जात होते, तोच धातू जत्रेतील भजीवाल्याच्या डोक्यावर जळत होता, ही गोष्ट आम्हांस त्या काळाच्या अनेक भाषणांहून अधिक बोलकी वाटते.

काचेचीही कथा जर्मनीतीलच. जाळी तापते ती इतकी की साधी काच तिच्याजवळ टिकत नाही. बाहेर पावसाचा एक थेंब पडला तरी तडकते. येना येथील ओटो शॉटने बोरॉन घातलेली, उष्णता सोसणारी काच तयार केली आणि तिला पहिली मोठी गिऱ्हाइकी मिळाली ती वेल्सबाखच्या दिव्यांसाठी लागणाऱ्या काचनळ्यांचीच. पुढे बत्तीच्या काचेवर येनाचा छाप असणे ही प्रतिष्ठेची खूण झाली. काच न मिळेल तेथे अभ्रकाचे पत्रे वाकवून बसवीत. आणि अभ्रकाच्या बाबतीत कोडरमा व हजारीबाग यांच्या खाणींमुळे भारत जगात अग्रेसर होता. असो. काचेला ओले फडके लावू नये, हा नियम बत्ती धरणाऱ्या गड्यालाही ठाऊक असे.

हे सारे अवयव एकत्र बांधून जिने आपल्या गावोगावी नाव कमावले ती बत्ती बर्लिनची. १८६६ मध्ये एमिल एरिश आणि आल्बर्ट ग्रेट्स यांनी तेथे दिव्यांचा कारखाना काढला. आल्बर्टचा मुलगा माक्स ग्रेट्स याच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, दाबाच्या तेलावर चालणारी बत्ती तयार झाली. 'पेट्रोलियम'मधील 'पेट्रो' आणि मालकाच्या नावातील 'माक्स' जोडून 'पेट्रोमॅक्स' हे नाव पडले. म्हणजे जे नाव आपण वस्तूचे सामान्य नाम म्हणून वापरतो, त्यात अर्धा भाग एका बर्लिनकर गृहस्थाचा आहे. इंग्लंडात टिली, स्वीडनमध्ये ऑप्टिमस व रेडियस असे दुसरे कारखाने होते. टिलीची रचना अगदी निराळी. तिचे भाग या बत्तीला लागत नाहीत. अनुकरण सर्वाधिक झाले ते बर्लिनच्या नमुन्याचे.

याचे एक कारण त्या नमुन्याच्या बांधणीत आहे. कारखान्याच्या हिशेबाने त्यात दोनशेहून अधिक सुटे भाग आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. ज्या बारीक छिद्रातून वाफ सुटते ते नोझल पन्नास, त्या छिद्रात वरखाली होऊन ते साफ ठेवणारी सुई अडुसष्ट, काच चौऱ्याहत्तर. हेच आकडे मूळ कारखान्याबाहेरही चालले. भाग आट्यांनी बसतात, डागाने नव्हे. त्यामुळे एक पाना आणि थोडा धीर असला की बत्ती पुरी उघडते. आमच्या मते या क्रमांकांच्या यादीला त्या बत्तीच्या शोधाइतकेच महत्त्व आहे. जिचे भाग ओळखता येतात, मागविता येतात आणि हाताने बदलता येतात, तिला तिच्या जन्मदात्याची सतत गरज उरत नाही.

कोणता भाग कधी जातो याचाही एक क्रम आहे. मेंटल सर्वांत आधी. एकदा जाळल्यावर तिला बोट लागले की भुगा, आणि पालखीच्या भोयाने ठेच खाल्ली तरी भुगा. त्यानंतर सुई वाकते. तिची जाडी केसाएवढी, आणि घाईने चाक फिरविणाऱ्याच्या हाती ती मोडते. मग नोझल, त्याचे छिद्र सुईच्या घर्षणाने आणि रॉकेलातील काजळीने हळूहळू मोठे होते, ज्योत पिवळी पडते आणि बत्ती धूर ओकू लागते. वाफेची नळी आतून कोळशाने बुजते. मेंटल ज्याला बांधावयाची ते भाजक्या मातीचे तोंड तडकते. शिशाचे वॉशर दबून पातळ होतात, तेथून तेल झिरपते. पंपाच्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते. ती सुकली की पंप नुसता खालीवर होतो आणि हवा भरत नाही. तेलाचे दोन थेंब देऊन ती बोटांनी पसरली की बहुधा पुन्हा चालते. देवळाच्या वस्तूत चामडे कसे, असा प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. पखवाज जेथे वाजतो तेथे तो विचारताही आला नसता.

या क्रमात टाकीचे नाव सर्वांत शेवटी येते. पितळेची, वर निकेलचा मुलामा दिलेली ती टाकी आपटली नाही आणि आतून कुजली नाही तर कित्येक पिढ्या जाते. यादीतील जी बत्ती 'नादुरुस्त' असते, तिची टाकी बहुधा धड असते, आणि दोष चार-दोन किरकोळ भागांचा असतो.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मनीचा माल हिंदुस्थानात येणे बंद झाले. चालू बत्त्या हजारोंनी गावोगाव होत्या आणि त्यांना मेंटल, सुया, नोझले रोज लागत. अशा वेळी बाजार स्वस्थ बसत नाही. युद्धानंतर बर्लिनचे विभाजन झाले. ग्रेट्स घराण्याच्या धंद्याचे केंद्र पश्चिम जर्मनीत आल्टेना येथे गेले आणि तेथे रेडिओ व दूरचित्रवाणी संचांकडे वळले. तोपर्यंत बत्तीचा नमुना मात्र सर्वांचा होऊन गेला होता. भारतात, चीनमध्ये आणि इतरत्र तिच्या नकला निघाल्या. पोर्तुगालात तोरेस व्हेद्रास येथील इपोलितो या कारखान्याच्या दाबाच्या बत्त्या व शेगड्या प्रसिद्ध होत्या, आणि पोर्तुगीज भाषेतही 'पेट्रोमॅक्स' हे सामान्य नाम झाले. गोव्याची स्थिती त्या काळी विलक्षण होती. १९६१ च्या मुक्तीपर्यंत तेथे युरोपचा माल समुद्रमार्गे उतरत असे, तर पत्रादेवीच्या पलीकडे भारतात आयात-परवान्यांची कडक व्यवस्था होती. एकाच घाटाच्या बत्तीला सीमेच्या एका बाजूस परदेशी भाग आणि दुसऱ्या बाजूस देशी भाग मिळावा, अशीच ती परिस्थिती होती.

नकलांविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. घाट एक असला तरी आटे सर्वत्र एक नाहीत. जर्मन नळीवर चिनी नोझल चढते असे वाटते, दोन फेरे बसते आणि मग अडते. तेथे जोर करणारा कारागीर नळीचे आटे मारून बसतो आणि दहा रुपयांच्या भागापायी शंभराचा भाग जातो. देशी भागांचे पितळ पुष्कळदा मऊ असते. परंतु ते मिळते, आणि जवळ मिळते. स्टोव्ह दुरुस्त करणारे जे कारागीर पूर्वी प्रत्येक पेठेत बसत, त्यांनी ही सारी विसंगती आपल्या डब्यातल्या डब्यात सोडविली: पिन येथली, वॉशर तेथला, नोझल तिसऱ्याच जातीचे, आणि बत्ती लखलखीत. तो डबा हीच त्यांची विद्या होती.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हांस टाळावयाचा नाही. दुसऱ्याच्या यंत्राला लागणारा भाग तिसऱ्याने बनवावा काय? आणि बनविल्यास त्यावर मूळ यंत्राचे नाव लिहावे काय? पेटंटाचा काळ मर्यादित असतो. तो सरला की युक्ती सर्वांची होते. परंतु नाव? या विषयावर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८२ मध्ये सिंगर शिवणयंत्राच्या कंपनीने लोग नावाच्या व्यापाऱ्याविरुद्ध चालविलेल्या दाव्यात जो निकाल दिला तो पाहण्याजोगा आहे. लोग बर्लिनमध्ये बनलेली शिवणयंत्रे इंग्लंडात विकी आणि ती 'सिंगर पद्धतीची' आहेत असे सांगे. गिऱ्हाइकाची फसवणूक होत नसेल, माल दुसऱ्याचा म्हणून खपविला जात नसेल, तर एखाद्या रचनेचे वर्णन तिच्या रूढ नावाने करण्यास मज्जाव नाही, असे ठरले आणि सिंगर कंपनी हरली.

सुट्या भागांचा नेमका प्रश्न शंभर वर्षांनी आला. १९८६ मध्ये ब्रिटिश लेलंड या मोटार कंपनीने आर्मस्ट्राँग या भाग बनविणाऱ्या कंपनीवर दावा लावला की, आमच्या गाडीच्या धूर सोडण्याच्या नळीची नक्कल म्हणजे आमच्या आराखड्यावरील स्वामित्वहक्काचा भंग. हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की, ज्याने गाडी विकत घेतली त्याला ती दुरुस्त करण्याचा हक्क आहे. त्या हक्काला पोकळ करण्याकरिता उत्पादकाला आपला स्वामित्वहक्क वापरता येणार नाही. १९९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने छपाईच्या शाईच्या डब्यांविषयीच्या हाँगकाँगच्या दाव्यात हे तत्त्व आखडते घेतले, कारण शाईचा डबा भरणे ही दुरुस्ती नव्हे, असा विचार पुढे आला. आम्हांस हा भेद मान्य आहे; पण त्याच कसोटीवर मेंटलचे काय, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे सोपे नाही. मेंटल संपणारी वस्तू आहे, आणि तिच्यावाचून बत्ती म्हणजे नुसते पितळेचे भांडे.

आपल्याकडील कायदा नावापुरता तरी स्पष्ट आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या तिसाव्या कलमात असे सांगितले आहे की, एखादा भाग दुसऱ्या मालाला लागण्याजोगा आहे हे दाखविण्यासाठी त्या मालाचे चिन्ह वापरणे वाजवी रीतीने आवश्यक असेल, आणि मालाच्या उगमाविषयी फसवणूक होत नसेल, तर तो चिन्हाचा भंग नव्हे. सारा भर एका शब्दयोगी अव्ययावर आहे: 'साठी'. पुडीवर 'अमुक बत्तीसाठी' असे लिहिणारा निर्दोष. 'साठी' गाळून नुसते नाव छापणारा दोषी. बाजारात मेंटलच्या व नोझलच्या पुड्या पाहिल्या की हे 'साठी' किती जणांनी पाळले आणि किती जणांनी गिळले ते दिसते. जे गिळतात त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु ज्यांनी ते पाळले त्यांच्यामुळेच दूरच्या कारखान्याची वस्तू आपल्या खेड्यात चालत राहिली, हेही नाकारता येणार नाही.

मग असा प्रश्न निघतो की, नळी नवी, पंप नवा, काच नवी, जाळी तर शंभरावी, अशी बत्ती यादीतील तीच बत्ती राहते काय? देवळाच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. जीर्णोद्धारात खांब बदलतात, शिखर बदलते, फरशी बदलते, आणि देवस्थान तेच राहते. मात्र तेथे आधार निराळा आहे. देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, ती कोणाची जंगम वस्तू नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मलिक घराण्याच्या दाव्यात सांगितले. बत्तीला असे व्यक्तित्व नाही; ती जंगम वस्तूच. तिच्या बाबतीत जुना नियम लागतो तो गौण वस्तू मुख्य वस्तूत विलीन होते हा. मुख्य वस्तू म्हणजे टाकी, जिच्यावर कारखान्याचा छाप आणि कित्येकदा देवस्थानचे किंवा देणगीदाराचे नाव ठोकलेले असते. तेव्हा टाकी आहे तोवर तो नग आहे, आणि टाकी मोडीत घालणे म्हणजे नग मोडीत घालणे. भाग बदलणे ही दुरुस्ती झाली; टाकी विकणे हे हस्तांतर झाले, आणि देणगीच्या वस्तूचे हस्तांतर करताना जी पथ्ये पाळावयाची ती येथेही लागू होतात. समित्यांच्या ठरावांत हा भेद कोठेच केलेला आढळत नाही.

बत्तीला आणखी चांगले करण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नूरी' नावाची बत्ती सिद्ध केली. कमी दाबावर, आवाज न करता चालणारी. काम उत्तम होते. पण ती खेडोपाडी पसरण्याच्या आतच वीज पोचली, आणि मागोमाग विजेरीवर चालणारे दिवे आले. रॉकेलाचेही दिवस पालटले. शिधापत्रिकेवरील निळ्या रॉकेलाचे केंद्रीय अनुदान २०२० च्या सुमारास संपुष्टात आले, आणि काही राज्ये व प्रदेश तर त्याआधीच रॉकेलमुक्त म्हणून जाहीर झाले. आज बत्ती लावणे स्वस्त नाही. रोजच्या उजेडासाठी ती लावावी असेही कोणी म्हणणार नाही. वर्षातून एकदा पालखीपुढे लावण्यास जे एक-दोन लिटर तेल लागते, ते मात्र अजून मिळते.

भागही मिळतात. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे त्याच नावाची कंपनी आज ती बत्ती आणि तिचा प्रत्येक भाग विकते, पण किमती युरोपच्या. देशी भाग मोठ्या शहरांच्या जुन्या पेठांत, स्टोव्ह आणि शेगड्यांच्या दुकानांत विचारावेत. जाताना जुना भाग बरोबर न्यावा. नाव सांगून आणलेले नोझल निम्म्या वेळा परत करावे लागते. आटे हाताने पुरते फिरतात की नाही ते दुकानातच पाहावे. नोझल आणि सुई जोडीने घ्यावी, कारण झिजल्या छिद्रात नवी सुई काम देत नाही. शिशाचे व चामड्याचे वॉशर एकदम दहा-बारा घेऊन ठेवावेत.

ज्यांच्या हाती ही बत्ती पहिल्यानेच येणार आहे त्यांना तीन गोष्टी सांगणे अवश्य आहे. टाकीत रॉकेलाशिवाय काही घालू नये. पेट्रोल घातल्यास ती बत्ती न राहता स्फोटक होते. वर्षानुवर्षे पडून असलेली टाकी प्रथम पाण्यात बुडवून, दाब देऊन, कोठे बुडबुडे निघतात का ते पाहावे, आणि निघाल्यास डाग देणाऱ्या जाणत्या तांबटाकडेच न्यावी. तिसरी गोष्ट मेंटलची. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा किरणोत्सार मंद, बत्तीच्या उजेडात बसणाऱ्यास त्यापासून भय नाही; परंतु तुटल्या मेंटलचा भुगा फुंकून उडवू नये आणि श्वासावाटे आत घेऊ नये. परदेशातील काही कारखान्यांनी १९९० नंतर थोरियम सोडून यिट्रियम घेतले. त्यांचा उजेड थोडा कमी असतो. नवी मेंटल पहिल्याने जाळताना बत्ती उघड्यावर ठेवावी, सभामंडपात नव्हे. ती काळी पडते, आक्रसते, मग पांढरी होते. पांढरी झाली की चाक हळू सोडावे आणि एकदम पंप मारू नये. निम्म्या मेंटल त्या पहिल्या घाईतच फाटतात.